दहा पावलं मागे

सेवान तळ्याच्या वाटेवर मासेवाले
दोन्ही हात फाकून उभे असतात:
एवढा! एवढा मोठा!
मागच्या खिडकीतून नाइरी विचारते,
हे सगळे काका आपल्याला मिठीत घ्यायला
कधीपासून थांबलेत?
हरांत हसतो, आणि त्या हसण्याच्या भरात
घासाघीस न करताच तीन मासे घेतो.
मी गप्प बसते. शनिवार आहे.

आमची जागा ठरलेली.
वाकडा पाईन, त्यात सासऱ्यांनी
कंदिलासाठी ठोकलेला खिळा,
हरांत तेव्हा पाच वर्षांचा.
तंबू नेहमी त्या झाडापासून
तीन पावलांवर.

यंदा पाईन पाण्यात उभा.
मांडीभर पाण्यात,
कुणीतरी हाक मारून बोलावलं
आणि मग विसरून गेलं, तसा.
सुया पिवळ्या पडल्यात.

सासरे टोपी काढतात, पुन्हा घालतात.
'मी पोरगा होतो तेव्हा हे पाणी
दरसाल मागे सरायचं.
ते देवळाचं टेकाड बेट होतं,
आजीबरोबर होडीनं गेलोय मी तिथं.
पुढं चपला घालून चालत जायला लागलो.'
जरा थांबून म्हणतात,
'उसनी दिली असणार जमीन.
आम्हाला वाटलं, आपलीच.'

मग तंबू दहा पावलं मागे,
काटेरी झुडपांच्या अंगाला.
अरेगला कुठली काठी कुठल्या भोकात ते कळत नाही,
त्याच्या बापालाही नाही,
पण बाप ते मोठ्या आवाजात सांगतो.
खुंट्या दगडानं ठोकल्या.
चूल पेटली, मासे चिरले,
आणि मीठ
घरी, ओट्यावर, डोळ्यांसमोर दिसतंय मला, तिथंच राहिलेलं.

शेजारच्या तंबूतली बाई वाटीभर मीठ देते,
वर सहा जर्दाळू.
आता ती वाटी रिकामी परत कशी करायची,
हा माझा दुपारभरचा एकमेव घोर.

बाकी दुपारी काहीच घडलं नाही.
ते नीट लिहून ठेवायला हवं.
हरांत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला,
श्वासासरशी एक मथळा वरखाली होत राहिला.
आजोबा-नातवाची नर्दी रंगली,
फासे पडले की दोघंही फारसीत ओरडायचे, शेश! बेश!
आणि कुणालाच फारसी येत नाही.
नाइरीनं पाण्यात पाय घातला, किंचाळली,
पुन्हा घातला.
तळं निळं होतं, मग राखाडी झालं,
मग त्याला नाव नाही असा एक रंग आला
आणि मी चहा गाळायची थांबले.
चहा गार झाला. कुणी बोललं नाही.

अंधार पडल्यावर सासऱ्यांनी
विजारीचे पाय वर दुमडले,
कंदील उंच धरला
आणि सरळ पाण्यात चालत गेले.
'बाबा, गुडघे!' हरांत ओरडला.
बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
अरेग त्यांच्या चपला हातात धरून काठावर उभा,
एखाद्या पाहुण्याच्या धरतात तशा.

कंदील खिळ्याला लागला.
एक वर, एक खाली पाण्यात,
खालचा जास्त हलणारा.

रविवारी सकाळी अरेगनं जाऊन मोजलं:
खिळा आणि पाणी यांच्यात सात वीत.
मी पदर नसलेल्या बायकांसारखा झग्याचा घोळ खोचला,
आत गेले, मोजलं.
माझ्या पाचच भरल्या.
त्याला सांगितलं नाही.

परतताना मासेवाल्यांनी हात पसरले
तर नाइरीनंही खिडकीतून पसरले,
एकानं मासा खाली ठेवून टोपी हलवली.

सोमवारी डिकी झाडताना
चादरीच्या घडीतून निघाली ती वाटी,
निळ्या काठाची, तळाशी मिठाचे खडे.
त्या बाईचं नाव विचारायचं राहिलंच.
धुतली नाही.
दाराजवळच्या फळीवर ठेवलीय,
जाता-येता दिसेल अशी.